कंट्रोलचा फ्लास्क आधी दाखवा: पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांना खुले पत्र

पाणी आणि सांडपाण्याचा विषारीपणा तपासणाऱ्या प्रयोगशाळांचे प्रमुख, आणि त्यांचे रिपोर्ट वाचून निर्णय घेणारे अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

लेम्ना म्हणजे पाण्यावर तरंगणारी चिमुकली डकवीड. नमुन्याच्या पाण्यात ती किती वाढते हे पाहणारी चाचणी सात दिवसांची. त्या सात दिवसांत आपल्याकडे सगळे नीट चालते. नमुना वेळेत येतो, त्याच्या पातळ्या (कमी-जास्त पातळ केलेले द्रव) मोजून तयार होतात, प्रत्येक फ्लास्कवर लेबल असते. आम्हाला बोलायचे आहे ते त्याआधीच्या दोन महिन्यांबद्दल. ज्या डकवीडवर चाचणी होणार ती त्या काळात कुठे होती, कोणत्या मीडियममध्ये (पोषक द्रवात) होती, मीडियम शेवटचे कधी बदलले, हे विचारले की अनेकदा उत्तर मिळत नाही. कॅलिब्रेट न केलेल्या तराजूवर जी प्रयोगशाळा वजन घेणार नाही, तीच चाचणीच्या आठवड्यात कुठूनतरी डकवीड मागवते आणि तिच्या वाढीवरून पाणी विषारी की निर्धोक हे ठरवते. कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे, वर्षभर सांभाळायला जागा, माणूस आणि वही द्या, आणि रिपोर्टमध्ये कंट्रोलची, म्हणजे नमुना न घातलेल्या भांड्यातली, वाढ सगळ्यात आधी लिहा, एवढे मागण्यासाठी हे पत्र आहे.

सुरुवात रोपापासूनच करू. तलावातून ओंजळभर डकवीड उचलली की तिच्याबरोबर शेवाळ, बॅक्टेरिया, अळ्या, मावा असे सगळे येते. शिवाय एका ओंजळीत दोन-तीन जाती असू शकतात. लेम्ना मायनर आणि लेम्ना मिनुटा नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या करणे सरावलेल्या माणसालाही नेहमी जमत नाही. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची २००६ सालची २२१ क्रमांकाची मार्गदर्शिका याबाबत स्पष्ट आहे: बाहेरून गोळा केलेली रोपे, ज्या मीडियममध्ये चाचणी करायची त्याच मीडियममध्ये किमान आठ आठवडे वाढवल्याशिवाय वापरायची नाहीत. हा नियम कागदी वाटतो, पण हिशोब करून पाहा. अडीच दिवसांत दुप्पट होणारी लेम्ना आठ आठवड्यांत साधारण बावीस वेळा दुप्पट होते. तलावात असताना रोपाने साठवलेले फॉस्फेट म्हणा, धातू म्हणा, तोपर्यंत इतक्या पिढ्यांत वाटले जातात की त्यांचा परिणाम उरत नाही. आठवडाभर आधी आणलेल्या रोपांत मात्र तो साठा तसाच असतो, आणि मीडियम चुकले असले तरी रोपे त्या शिदोरीवर चार दिवस छान दिसतात.

शक्य असेल तर कल्चर संग्रहातून ओळख पटलेला एकच क्लोन घ्या. लेम्ना कळीने वाढते, म्हणून एका फ्रॉन्डपासून (पानासारख्या तरंगत्या भागापासून) झालेली सगळी प्रजा एकाच क्लोनची असते. हा तिचा चाचणीसाठी सर्वात मोठा गुण आहे. एकाच जातीच्या दोन क्लोनची वाढ आणि संवेदनशीलता वेगळी असू शकते, त्यामुळे क्लोनचा क्रमांक न लिहिलेला निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेच्या निकालाशी ताडून पाहता येत नाही.

बाहेरचे रोप निर्जंतुक करायची रीत साधी आहे, पण धीर लागतो. मुळे कापून टाका, रोपे स्वच्छ पाण्यात जोरात हलवा, मग ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३० सेकंद ते ५ मिनिटे बुडवा आणि लगेच निर्जंतुक पाण्याने धुवा. सगळी रोपे एकाच वेळेसाठी बुडवू नका. अर्धा, एक, दोन, तीन आणि पाच मिनिटे असे गट करा. कमी वेळच्या गटात शेवाळ जिवंत राहते आणि जास्त वेळच्या गटात रोपेच मरतात; कामाचे रोप मधल्या एखाद्या गटात सापडते. बहुतेक फ्रॉन्ड पांढऱ्या पडतील, त्याने घाबरू नका. पांढऱ्या पडलेल्या फ्रॉन्डच्या कडेला, जिथून नवी फ्रॉन्ड बाहेर येते त्या खाचेत, एखादा हिरवा ठिपका उरतो. तेवढा पुरतो. असा प्रत्येक ठिपका वेगळ्या नळीत ठेवा. तो स्वच्छ झाला का हे पाहायला थोडी साखर घातलेल्या मीडियममध्ये एक-दोन फ्रॉन्ड टाका. बॅक्टेरिया किंवा बुरशी असेल तर काही दिवसांत पाणी गढूळ होते. शेवाळ मात्र साखरेने कळत नाही, त्यासाठी मुळांवरचा थेंब मायक्रोस्कोपखाली पाहावा लागतो.

आता मीडियम. लेम्ना गिब्बा या जातीसाठी २०एक्स-एएपी नावाचे मीडियम वापरतात (पीएच ७.५), आयएसओ २००७९ या आंतरराष्ट्रीय मानकात लेम्ना मायनरसाठी स्टाइनबर्ग आहे (पीएच ५.५), आणि ओईसीडीत लेम्ना मायनरसाठी स्वीडिश एसआयएस मीडियम दिले आहे (पीएच ६.५). एसआयएसचे प्रमाण इथे पूर्ण देतो, कारण अर्धवट उतरवलेली कृती हेच अनेक ठिकाणी पिवळ्या रोपांचे मूळ असते. स्टॉकमधले (आधी करून ठेवलेल्या दाट द्रावणांतले) प्रमाण प्रति लिटर असे: पहिल्यात सोडियम नायट्रेट ८.५ ग्रॅम आणि पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १.३४ ग्रॅम, दुसऱ्यात मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट १५ ग्रॅम, तिसऱ्यात कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ७.२ ग्रॅम, चौथ्यात सोडियम कार्बोनेट ४ ग्रॅम. पाचवा सूक्ष्म द्रव्यांचा: बोरिक ॲसिड १ ग्रॅम, मँगनीज क्लोराइड टेट्राहायड्रेट ०.२ ग्रॅम, सोडियम मॉलिब्डेट डायहायड्रेट ०.०१० ग्रॅम, झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.०५० ग्रॅम, कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट ०.००५ ग्रॅम, कोबाल्ट नायट्रेट हेक्झाहायड्रेट ०.०१० ग्रॅम. सहाव्यात फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट ०.१७ ग्रॅम आणि डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट ०.२८ ग्रॅम. सातवा मॉप्स बफरचा, ४९० ग्रॅम. पीएच घट्ट धरायचा असेल तेव्हा तो घालायचा.

एक लिटर मीडियमसाठी ९०० मि.ली. डीआयोनाइज्ड पाणी घ्या. त्यात पहिला स्टॉक १० मि.ली., दुसरा, तिसरा, चौथा आणि सहावा प्रत्येकी ५ मि.ली., पाचवा १ मि.ली. आणि लागल्यास सातवा १ मि.ली. घाला. पीएच ६.५ वर आणा (०.२ इकडेतिकडे चालतो) आणि लिटर पूर्ण करा. मीडियम वापरण्याच्या एक-दोन दिवस आधीच करून ठेवावे, म्हणजे पीएच स्थिरावतो. पहिले पाच स्टॉक ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) करता येतात किंवा ०.२ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून गाळता येतात. सहावा आणि सातवा फक्त गाळायचे, ऑटोक्लेव्हमध्ये घालायचे नाहीत. सगळे स्टॉक थंड आणि अंधारात ठेवा. पहिले पाच सहा महिन्यांनी टाकून द्या, लोहाचा सहावा महिन्याभरात.

ही शेवटची मुदत पाळली जात नाही, हे आम्हाला ठामपणे सांगायचे आहे. लोह ईडीटीएने धरून ठेवलेले असते म्हणून ते विरघळलेले राहते. ते सुटले की बाटलीच्या तळाला गंजाच्या रंगाचा साका बसतो आणि रोपाला लोह मिळेनासे होते. लक्षण ओळखणे अवघड नाही. लोह रोपाच्या आत जुन्या भागातून नव्याकडे जात नाही, त्यामुळे आई फ्रॉन्ड हिरवीगार आणि तिच्या कुशीतली नवी फ्रॉन्ड फिकट पिवळी दिसते. नायट्रोजन कमी पडला तर उलटे होते, म्हणजे जुनी आधी पिवळी पडते. मुळे नेहमीपेक्षा लांबलचक झाली आणि फ्रॉन्ड लहान राहिल्या, तर नायट्रेट किंवा फॉस्फेट संपत आले असे समजा. खालची बाजू लालसर-जांभळी झाली तर अन्न कमी किंवा प्रकाश जास्त. रोज दोन मिनिटे भिंगातून पाहणारा माणूस असेल तर हे आठवडाभर आधी कळते. चाचणी लावायच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

स्टॉक वेगवेगळे ठेवण्यामागेही कारण आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेट किंवा कॅल्शियम आणि कार्बोनेट दाट स्वरूपात एकत्र आले की साका पडतो. म्हणून आधी पाणी, मग एकेक स्टॉक, दर वेळी ढवळून. आणि ते पाणी कुठून येते हेही पाहा. तांब्याचा भाग असलेल्या डिस्टिलेशन यंत्रातून आलेले पाणी लेम्नाला मारू शकते, आणि मग कंट्रोल का वाढत नाही हे शोधण्यात महिने जातात. काचेचेही तसेच: डिटर्जंटचा अंश उरला तर फ्रॉन्ड बुडतात किंवा वसाहती (एकमेकींना जोडलेल्या फ्रॉन्डचे पुंजके) लवकर सुटतात. सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुऊन डीआयोनाइज्ड पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळणे, मग ऑटोक्लेव्ह, हा क्रम मोडू नये. कल्चरची भांडी आणि चाचणीची भांडी वेगळी ठेवलेली बरी.

प्रकाशाबाबत बहुतेक घोळ मीटरमुळे होतो. हवा तो ८५ ते १३५ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद, ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, अखंड चोवीस तास. मार्गदर्शिकेत याला साधारण ६,५०० ते १०,००० लक्स म्हटले आहे, पण लक्स आणि मायक्रोमोल यांचे नाते दिव्यागणिक बदलते. ट्यूबलाइटसाठी जुळणारा आकडा एलईडीला लावू नका. मीटर रोपांच्या उंचीवर धरा, दिव्याखाली हात उंच करून नाही. मांडणीवर वेगवेगळ्या जागी मोजा. १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. कडेच्या जागा नेहमी मंद असतात, म्हणून फ्लास्कच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि मोजणीच्या दिवशी बदला. कंट्रोल सगळे मधोमध आणि नमुने कडेला अशी मांडणी केली तर पाण्यात विष नसतानाही विष दिसते.

तापमान २४ अंश सेल्सियस, दोन अंश इकडेतिकडे. खोलीच्या भिंतीवरचा थर्मामीटर इथे कामाचा नाही. दिव्याखाली भांड्यातले पाणी खोलीपेक्षा गरम होते, म्हणून रोपे न टाकलेला एक फ्लास्क त्याच मांडणीवर ठेवून त्यात थर्मामीटर ठेवा.

कल्चर दाटू देऊ नका. पृष्ठभाग झाकला गेला की एकमेकांवर चढलेल्या फ्रॉन्ड लहान होतात, पाण्याचा पीएच चढतो आणि शेवाळाला संधी मिळते. चाचणीआधी सात ते दहा दिवस काही वसाहती ताज्या मीडियममध्ये, चाचणीच्याच प्रकाशात आणि तापमानात वाढवायच्या, आणि चाचणीसाठी त्यांतल्याच घ्यायच्या. मूळ कल्चर ४ ते १० अंशांवर मंद प्रकाशात ठेवले तर फार वेळा बदलावे लागत नाही. एकाच भांड्यावर भरवसा ठेवू नका, निदान दोन वेगळ्या जागी ठेवा. उचलायला चिमट्याऐवजी निर्जंतुक लूप (तारेचे कडे) वापरा. चिमट्याने मुळे आणि कळीची खाच चेपली जाते, आणि ती जखम दोन दिवसांनी विषाच्या परिणामासारखी दिसते.

चाचणी लावताना प्रत्येक भांड्यात एकूण ९ ते १२ फ्रॉन्ड, वसाहती २ ते ४ फ्रॉन्डच्या, आणि सगळ्या भांड्यांत दोन्ही संख्या तंतोतंत सारख्या. आम्ही तीन फ्रॉन्डच्या चार वसाहती सुचवतो. द्रव किमान १०० मि.ली. आणि खोली किमान २० मि.मी. प्रत्येक पातळीला किमान तीन भांडी. कंट्रोलला सहा असतील तर उत्तम. मोजताना आईच्या कडेबाहेर स्पष्ट डोकावणारी प्रत्येक फ्रॉन्ड मोजायची, कितीही लहान असो. दोघांनी एकच भांडे मोजून आकडे जुळतात का हे आधी पाहून घ्या. या एका सवयीने जेवढी चूक कमी होते तेवढी महागड्या कॅमेऱ्यानेही होत नाही. काचेवर चढून कडेला सुकलेली वसाहत दिसली तर तीही मोजा आणि तशी नोंद करा. फ्रॉन्डची संख्या एकटी पुरेशी नसते. विषामुळे संख्या तेवढीच राहून आकार निम्मा होऊ शकतो, म्हणून क्षेत्रफळ किंवा ६० अंशांवर वाळवलेले कोरडे वजनही घ्या.

आता हिशोब. कंट्रोल १२ वरून ८४ झाला, तर वाढीचा वेग म्हणजे सातचा नैसर्गिक लॉगरिदम भागिले सात दिवस, ०.२७८ प्रतिदिन, दुपटीचा काळ २.४९ दिवस. चाचणी वैध ठरायला कंट्रोलचा दुपटीचा काळ अडीच दिवसांपेक्षा कमी हवा, म्हणजे हा कंट्रोल कसाबसा पास झाला. समजा नमुन्याच्या भांड्यात १२ च्या ३६ झाल्या. वेग ०.१५७, म्हणजे वाढ सुमारे ४४ टक्के रोखली गेली. तोच हिशोब एकूण वाढीवर केला, ७२ विरुद्ध २४, तर ६७ टक्के. भांडे एकच, मोजणी एकच, आणि आकडे दोन. रिपोर्टमध्ये नुसते ‘ईसी५०’ (वाढ निम्मी रोखणारी पातळी) लिहून भागत नाही. ते वेगावरचे की एकूण वाढीवरचे, हे लिहिलेच पाहिजे. अधिकाऱ्यांना विनंती, हे लिहिलेले नसेल तर रिपोर्ट परत पाठवा.

सांडपाण्याच्या नमुन्यात सर्वात जास्त फसवणूक पीएचमुळे होते. नमुन्यात अमोनिया आहे असे समजा. २४ अंशांवर पीएच ६.५ असेल तर त्यातला मुक्त, विषारी अमोनिया शेकड्यात पाव भागही नसतो; बाकी सगळा अमोनियम असतो आणि लेम्ना तो खत म्हणून खाते. पीएच ९ झाला की एक तृतीयांशाच्या आसपास अमोनिया मुक्त होतो. म्हणजे पीएच ९ चा नमुना आपण ६.५ वर आणून तपासला तर विष आपणच निष्प्रभ केले, आणि वर रोपांची वाढ कंट्रोलपेक्षा जास्त दिसली. उलट, पीएच न बदलता तपासला तर परिणाम अमोनियाचा की नुसत्या पीएचचा, हे कळत नाही. आमचा आग्रह आहे की असा नमुना दोन्ही प्रकारे लावा आणि दोन्ही निकाल द्या. वाढ कंट्रोलपेक्षा जास्त आली तर तो ‘शून्य परिणाम’ म्हणून दडवू नका. नायट्रोजन-फॉस्फरसने भरलेले पाणी नदीत गेल्यावर काय करेल, हे तोच आकडा सांगतो. नमुन्यात अन्नद्रव्ये कमी असण्याचीही शक्यता असते, म्हणून दहापट दाट मीडियम दहाव्या हिश्शाइतके घालतात. त्यामुळे नमुन्याची सर्वात मोठी पातळी ९० टक्के होते. ती १०० टक्के म्हणून लिहू नये.

रंगीत किंवा गढूळ पाण्यासाठी लेम्ना शेवाळापेक्षा उजवी आहे, कारण ती पृष्ठभागावर तरंगते आणि प्रकाश तिला वरून मिळतो. शेवाळाच्या चाचणीत रंगाची सावली आणि विष वेगळे करता येणे कठीण. मात्र उडून जाणाऱ्या किंवा काचेला चिकटणाऱ्या द्रव्यांसाठी द्रव मध्ये बदलावे लागते, उदाहरणार्थ तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी. नाहीतर सातव्या दिवशी भांड्यात विष उरलेलेच नसते. धातूंच्या बाबतीत ईडीटीएचे भान ठेवा. जो ईडीटीए लोह धरून ठेवतो तोच तांबे आणि जस्तही धरतो, आणि धरलेला धातू रोपाला फारसा बाधत नाही. शिसे फॉस्फेटबरोबर खाली बसते. म्हणून मीडियममध्ये किती धातू टाकला यापेक्षा विरघळलेला किती मोजला, हे लिहा.

लेम्ना सगळे सांगू शकत नाही हेही मान्य करावे. ती एकदलीय आहे आणि गाळाला शिवत नाही. २,४-डी सारख्या ऑक्सिनची नक्कल करणाऱ्या तणनाशकांना ती फारशी दाद देत नाही, आणि गाळात मुरलेले विष तिला भेटतच नाही. तिथे द्विदलीय आणि गाळात मुळे धरणारी मिरिओफिलम ही पाणवनस्पती लागते. त्यासाठी ओईसीडीच्या २३८ आणि २३९ या २०१४ च्या मार्गदर्शिका आहेत. ते कल्चर आणखी नाजूक, आणि त्यासाठीही वेगळा माणूस लागेलच.

वर्षातून किमान दोनदा ३,५-डायक्लोरोफिनॉल या तुलनेसाठी ठरलेल्या विषाची चाचणी घ्या आणि निकाल एका आलेखावर चढवत जा. आलेख सरकू लागला की रोपे, मीडियम किंवा दिवे यांपैकी काहीतरी बदलले आहे, हे नमुना येण्याआधी कळते.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर आम्हाला हवी असलेली ओळ साधारण अशी: लेम्ना मायनर, क्लोन क्रमांक अमुक, एसआयएस मीडियम, कल्चर प्रयोगशाळेत अमुक आठवडे, कंट्रोल १२ वरून ९१, दुपटीचा काळ २.४ दिवस, पीएच सुरुवातीला ६.५, शेवटी ७.१, भांड्यातले तापमान २३.६ ते २४.४, प्रकाश अमुक ते अमुक, ३,५-डायक्लोरोफिनॉलची शेवटची चाचणी अमुक तारखेला. नमुन्याचा निकाल त्याखाली.

आपले नम्र,
विषारीपणाच्या चाचण्यांसाठी जलवनस्पतींची कल्चर सांभाळणारे